दोन दिवस उघडा पडलेला माग

माझ्या कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात एक शाल आहे. तिची एक बाजू विणायची राहिली आहे. शेजारी छाप्यासाठी लिनोच्या मऊ पट्टीवर कोरलेला अर्धा मोर, कान नसलेला मातीचा कप आणि भरतकामाची एक रिंग. रिंगेतल्या कापडात सुई गेली दोन वर्षं तशीच टोचलेली आहे. नोकरीत मी दिवसभर संगणकासमोर असते, म्हणून सुट्टीत हातानं करायच्या गोष्टी शिकत फिरते. शिकते म्हणजे सुरू करते. वस्तू पूर्ण होत आली की ती आता कुणाला तरी दाखवावी लागणार, असं वाटायला लागतं, आणि तिथंच माझा हात थांबतो.

या थंडीत पाच दिवसांची रजा घेऊन मी राज्याच्या सीमेपलीकडे पांढुर्ण्याला गेले, वत्सलाआत्याकडे. तिथून सौंसर. हे टिपण परत आल्यावर लगेच, त्याच कप्प्यासमोर बसून लिहायला घेते आहे.

पांढुर्णा, बुधवार आणि गुरुवार

वत्सलाआत्या म्हणजे बाबांची चुलतबहीण. आयुष्यभर शाळेत शिकवलं, आता निवृत्त. आम्ही लहानपणानंतर भेटलो नव्हतो, तरी स्टेशनवर तिनं मला लांबूनच ओळखलं.

"भिंतीले घासून चालून राहिली, अगदी बापासारखी," ती म्हणाली आणि माझी बॅग ओढून घेतली.

इथं दुकानांच्या पाट्या हिंदीत आणि दुकानातली घासाघीस मराठीत चालते. पाट्या मला भराभर वाचता येत होत्या, बोलणं मात्र कान देऊन ऐकावं लागत होतं. आत्याच्या अंगणात संत्र्यांचा ढीग होता. आमच्याकडे पुण्यात पाहुण्याला विचारतात, "संत्रं घेणार का?" इथं कुणी विचारत नाही, हातात देतात. तुम्ही सोलेपर्यंत दुसरं मांडीवर येऊन पडतं.

दुपारपर्यंत मी जेमतेम दहा वाक्यं बोलले असेन. आत्यानं ती मोजली असावीत.

"बोलत काहून नाई वो तू? तुह्या इंग्रजी शाळेत बोलायले दंड होता काय?"

"होता," मी म्हटलं. "मराठीत बोललं की."

आत्यानं माझ्या हातातलं संत्रं घेऊन स्वतःच ते सोललं. मग म्हणाली, "इथी नाई दंड. इथी घे बोलून."

संध्याकाळी शेजारच्या शोभाकाकूंनी मला लांबपोळी शिकवायला घेतली. चुलीवर मातीचं मडकं उपडं ठेवलेलं असतं. कणीक इतकी सैल की ती गोळा होऊन बसतच नाही. ती दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत लांबवायची आणि झटक्यात मडक्यावर टाकायची. काकूंच्या हातावर ती ओल्या ओढणीसारखी लोळत होती. माझ्या हातावर आली, मधोमध फाटली आणि अर्धी कोपराला लोंबत राहिली.

"राहू दे माय," काकू म्हणाल्या. "कोपराले भूक लागली असन."

माझ्या पाचही पोळ्या फाटक्या निघाल्या. वांग्याच्या भाजीबरोबर त्याच आधी संपल्या. फाटक्या पोळीत रस्सा जास्त मुरतो, असं आत्यानं सर्वांदेखत जाहीर केलं.

गुरुवारी तिगावच्या रस्त्यावर मंदाबाईंकडे गेलो. त्या बांबूच्या टोपल्या विणतात. बांबूच्या ओल्या पट्ट्या पायाच्या अंगठ्याखाली दाबून धरायच्या आणि एक वर, एक खाली अशा फिरवत जायच्या. माझी टोपली एका अंगाला कलली.

"हात घाई करून राहिला तुहा," मंदाबाई म्हणाल्या. "टोपलीले कोठी जायचं हाय? तुले जायचं असन त जा."

मी सावकाश केलं. चार तास लागले. शेवटी त्यांनी माझ्या हातात सुरी दिली. "आता हे वरचे टोकं छाट. टोकं राह्यले त काम अर्धंच." मी एकेक टोक छाटून काठ साफ केला. टोपली कललेलीच राहिली, पण दोन वर्षांत मी पूर्ण केलेली ती पहिली वस्तू होती. परत येताना ती मी मांडीवर घेऊन बसले होते. टोकं छाटली की काम पूर्ण, हे मनाशी पक्कं झालं होतं. पुढचा सगळा घोटाळा तिथून निघाला.

सौंसर, शुक्रवार

बसच्या खिडकीतून एका बाजूला कपाशी दिसत होती, दुसऱ्या बाजूला संत्र्यांचे बगीचे. फांद्यांना बांबूचे टेकू दिले होते. काळ्या मातीवर वेचायचा राहिलेला कापूस पांढऱ्या ठिपक्यांसारखा दिसत होता.

आत्या मला देवकाबाईंकडे नेत होती. तिच्या साड्या वर्षानुवर्षं देवकाबाईंच्या मागावरच्या. त्यांचा मुलगा महेश, आत्या सौंसरच्या शाळेत असताना तिच्याच वर्गात शिकलेला, आता नागपूरला कारखान्यात आहे. नवरा चार वर्षांपूर्वी गेला. देवकाबाई पासष्टीच्या असतील. बारीक अंगाच्या, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघणाऱ्या. मला त्या लगेच आवडल्या.

घराच्या सगळ्या खोल्यांत फरशी आहे, फक्त पुढची खोली मातीची. तिथं जमिनीत कमरेइतका खड्डा, आणि खड्ड्यावर हातमाग. विणणारा काठावर बसून पाय आत सोडतो आणि खालच्या पावड्या दाबतो.

"दाखवा हिले," आत्या म्हणाली. "बोलत नाई, पण हात चालते. मी चारच्या बसच्या आधी येतो घ्यायले." आणि ती सौंसरातल्या आपल्या जुन्या मैत्रिणींकडे निघून गेली.

मागावर कापड नव्हतं. नुसते धाग्यांचे शेंडे होते. आधीचं कापड कापून उतरवल्यावर हे शेंडे तसेच ठेवतात, देवकाबाईंनी सांगितलं. समोरच्या बाजूला त्यांच्या मुठी-मुठीएवढ्या गाठी मारलेल्या. तिथून प्रत्येक धागा फणीच्या फटीतून आणि उभ्या दोऱ्यांच्या पडद्यातल्या बारीक डोळ्यांतून जाऊन मागच्या बाजूला निघतो. तिथं सगळे धागे एका काठीला गुंडाळून खाली सोडले होते. कोपऱ्यात नवा ताणा, म्हणजे उभ्या धाग्यांचा गुंडा, तयार होता. त्याचा एकेक धागा जुन्या शेंड्याला जोडायचा. बोटांना राख लावून पीळ द्यायचा, की जोड पक्का बसतो.

"राख संपली," त्या म्हणाल्या. "शेजारून घेऊन येतो. तू बस."

मी बसले. समोरच्या गाठी धुळीनं काळ्या झाल्या होत्या आणि वेड्यावाकड्या लोंबत होत्या. इतक्या देखण्या लाकडी मागावर तेवढंच काय ते कळकट दिसत होतं. माझ्या पिशवीत भरतकामाची छोटी कात्री असते. मला वाटलं, त्या येईपर्यंत एवढं तरी साफ करून ठेवावं. मी पहिली गाठ कापली. मग दुसरी. सगळ्या गाठी एका रेषेत, फणीला लागून, अगदी व्यवस्थित.

शेवटची गाठ कापली आणि मागची काठी खाली पडली.

आवाज फार मोठा नव्हता. काठीच्या वजनानं सगळे धागे फणीतून आणि पडद्यातून सरसरत मागं गेले आणि जमिनीवर त्यांचा ढीग झाला. फणीच्या सगळ्या फटी रिकाम्या झाल्या. पलीकडची भिंत तिच्यातून दिसायला लागली.

खरं सांगते, माझी पहिली नजर दाराकडे गेली. चार वाजता बस होती. मी बोलत नाही, हे सगळ्यांना ठाऊकच होतं. काठी आपोआप पडली असं समजायला वाव होता. मी कात्री पिशवीत टाकली. मग पुन्हा बाहेर काढली आणि हातात धरून उभी राहिले.

देवकाबाई वाटीत राख घेऊन आल्या. त्यांनी माग बघितला, कात्री बघितली.

"मी कापलं," मी म्हटलं. "साफ करायला. मला माहीत नव्हतं."

त्या रागावल्या नाहीत. वाटी खाली ठेवून खड्ड्याच्या काठावर बसल्या. मग म्हणाल्या, "लगन होऊन आली, तवापासून हा माग उघडा नाई पडला वो माय."

सगळ्यांत पहिले धागे त्यांनी आणि त्यांच्या नवऱ्यानं भरले होते. त्यानंतर दर वेळी नवा ताणा जुन्याच्या शेंड्याला जोडत गेले. पहिल्या धाग्याला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, असं त्यांचं उभं आयुष्य एकाच सलग धाग्यावर चाललं होतं.

आणि एवढंच नव्हतं. महेशला हा माग काढायचा होता. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात देवकाबाई खड्ड्यात घसरून पडल्या, हात प्लास्टरमध्ये होता. तेव्हापासून तो दर रविवारी तेच म्हणतो. खड्डा बुजवू, फरशी घालू, तुझ्यासाठी इथंच न्हाणीघर करू. आणि दर रविवारी त्या एकच उत्तर देतात.

"धागा चढलेला माग उतरवत नाई. हे आमच्यात कोणी करत नाई. थ्यालेही मालूम हाय." त्या रिकाम्या फणीवरून बोट फिरवत होत्या. "दोन साल झाले, हेच सांगून राहिली. या रविवारी थो सुताराले घेऊन येऊन राहिला. म्हणे, एकडाव मोजमाप त घेऊ."

शुक्रवारची दुपार होती. माझी गाडी रविवारी रात्रीची होती.

"परत भरता येतात का?" मी विचारलं.

"येतात. पण दोन जणी लागतात. एक देणारी, एक घेणारी."

आत्या चार वाजता आली तेव्हा मी म्हटलं, मी राहते. का, ते तिनं विचारलं नाही. मागाकडे एकदा बघितलं, माझ्याकडे एकदा बघितलं. "कपडे पाठवतो शेवटच्या बसनं," म्हणाली.

शनिवार

साडीच्या रुंदीचा ताणा दोन दिवसांत भरून झाला नसता. म्हणून पंच्याच्या रुंदीचा करायचं ठरलं. साडीपेक्षा निम्म्याहूनही कमी धागे, तरी हजाराच्या घरात.

काम असं. मी मागं बसायचं. ताण्यातला पुढचा धागा, एकच, चिमटीत धरून पडद्याजवळ न्यायचा. देवकाबाई पलीकडून पितळेची बारीक आकडी डोळ्यातून घालायच्या, धागा अडकवायच्या आणि ओढून घ्यायच्या. मग पुढचा. आमच्या दोघींच्या मध्ये उभ्या दोऱ्यांचा पांढरा पडदा. त्यातून त्यांची बोटं दिसायची, चेहरा तुकड्या-तुकड्यांत.

"थे इथी बसत, मी तथी बसो, तू बसली ना, तथी," त्या म्हणाल्या. "पंधराव्या वर्षी. थे दिवसभर चकार शब्द बोलत नव्हते. मले वाटे, बाप्पा, मुका नवरा केला काय माह्या बापानं!"

"मग कधी बोलले?"

"तिसऱ्या दिवशी. म्हणे, 'तुह्या बोटाले घाम लय येते.'"

मी हसले, आणि माझ्या चिमटीतले दोन धागे एकदम गेले. त्यांनी एक परत दिला.

समोरासमोर बसून बोलणं मला जमत नाही. समोरचा माझं वाक्य संपायची वाट बघतो आहे, हे दिसलं की वाक्य अडतं. पण इथं हात गुंतलेले, मध्ये पडदा, आणि प्रत्येक वाक्याला मध्ये धागा द्यायपुरती उसंत. मी त्यांना कपाटाच्या कप्प्याबद्दल सांगितलं. शाल, मोर, कप, सुई. हे मी घरीही कुणाला सांगितलेलं नाही. सांगता सांगता दुपार झाली.

"शाल कोणासाठी केली होती?"

"आईसाठी."

"मंग काहून नाई दिली?"

"ती बघेल आणि छान म्हणेल. म्हणजे... ती छानच म्हणेल. मग मला कळणारच नाही."

पलीकडची आकडी थांबली.

"आमी पंचा कोणाले दाखवत नाई वो. पंचा अंग पुसायले. अंग पुसलं गेलं त चांगला. शाल थंडीसाठी हाय ना? थंडी त पडली. दे बरं पुढचा धागा."

जेवायला सोलेभात होता. तुरीच्या ओल्या शेंगांचे दाणे घालून केलेला मसालेभात, वर कच्चं तेल. शेंगा सकाळी आम्ही दोघींनीच सोलल्या होत्या, पण त्या सोलताना अशा गप्पा झाल्या नव्हत्या.

दुपारनंतर मान दुखायला लागली. डोळ्यांपुढे धागा एकाचे दोन दिसायचे. देवकाबाईंचा मोडलेला हात भरून यायचा, तेव्हा त्या तो झटकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "चाल." पडदा झाल्यावर फणी. तिच्या एकेका फटीतून पुन्हा एकेक धागा ओढायचा. दिवेलागणीला शेवटचा धागा आला. समोर मुठीमुठीनं गाठी मारायचं काम त्यांनी मला दिलं. कालच्यासारख्याच बेढब गाठी. मी त्या फार काळजीनं मारल्या.

रविवार

सकाळी देवकाबाईंनी आडव्या धाग्याचा धोटा भरला आणि विणायला बसल्या. खट्, खट्. चार बोटं कापड झालं तेव्हा मला ते दिसलं. उजव्या काठापासून वीतभर आत एक बारीक विरळ रेघ. कुठंतरी एक धागा द्यायचा राहून गेला होता. आता ती रेघ पंच्याच्या शेवटापर्यंत जाणार होती.

"माझ्याकडून राहिला," मी म्हटलं.

"दिसला मले काल," देवकाबाई म्हणाल्या. "राहू दे."

दहा वाजता महेशभाऊ आले. उंच, थकलेल्या डोळ्यांचे. बरोबर सुतार, हातात टेप. दोघं दारातच थांबले, कारण मागाचा आवाज चालू होता.

"चढवला काय ताणा?" महेशभाऊंनी विचारलं. मग वाकून बघितलं. त्यांचा हात धाग्यांवरून पडद्यापर्यंत गेला आणि थांबला. "आई, जोड कुठी हाय? हे त सगळे नवे धागे हाय."

देवकाबाई विणत राहिल्या. त्यांनी काहीही सांगितलं असतं तरी मी गप्पच बसणार, हे त्यांना माहीत होतं. पण त्या खोटं बोलणार नव्हत्या आणि खरं सांगितलं तर दोन वर्षं धरून ठेवलेली गोष्ट सुटत होती. माग उघडा पडला होता. म्हणजे तो उतरवायला आता कुणाची आडकाठी नव्हती.

मी पुढे झाले. "मी कापले होते," मी म्हटलं. "शुक्रवारी. चुकून सगळे निघाले. मग आम्ही परत भरले. त्यांचा हात दुखत होता, तरी त्यांनी भरले. काल दिवसभर." माझ्या आयुष्यातलं, अनोळखी माणसासमोर केलेलं ते बहुतेक सर्वांत लांब भाषण असावं.

महेशभाऊ माझ्याकडे बघत राहिले. "म्हणजे उघडा पडला होता."

"हाव," देवकाबाई म्हणाल्या. पाय थांबले. "पडला होता. आन् मी परत भरला."

"बाबा असते त रडले असते."

"हसले असते. पुण्याची पोट्टी कात्री घेऊन येते आन् मागाची हजामत करून जाते, म्हणे."

सुतार फसकन हसला. महेशभाऊ हसले नाहीत, पण आईच्या शेजारी काठावर बसले. बोट त्या विरळ रेघेवर ठेवलं. "इथी एक धागा सुटला."

"हाव. तुह्या वेळेस सात सुटले होते. शाळेतून येऊन तूच देत होता धागे जोडायले. थो पंचा तुह्या बापानं फाटेपर्यंत वापरला."

महेशभाऊंनी रेघेवरचं बोट उचललं. मग ते उठले, खड्ड्यात उतरले आणि आतल्या पायरीवर पाय घासून बघितला. पायरी गुळगुळीत झाली होती.

"भाऊ," ते सुताराला म्हणाले, "टेप इकडे धर. मागाचं माप नको घेऊ. खड्ड्याच्या काठाचं घे. इथी पायरीले लाकडी पट्टी ठोक, आन् इथी हाताले धरायले दांडा. पक्का. आईचं सगळं वजन पेलन असा."

"आन् न्हाणीघर?" देवकाबाईंनी विचारलं.

"मागच्या अंगणात काढू."

देवकाबाईंनी पावडी दाबली. धोटा पुन्हा पलीकडे गेला.

तेवढ्यात आत्या मला न्यायला आली. दारातून सगळं बघून म्हणाली, "महेश, खड्ड्यात काय करून राहिला रे? मोठा झाला तरी शेवटच्याच बाकावर!" महेशभाऊ पंचेचाळिशीचे असतील. "काई नाई बाई," म्हणत ते चटकन वर आले.

निघताना देवकाबाईंनी मला कापलेल्या जुन्या शेंड्यांची जुडी दिली. हे धागे जिथं जोडायचे ती जागा आता उरली नव्हती, म्हणाल्या, पण फेकवतही नव्हते. पांढुर्ण्याला येऊन मी ती टोपलीत ठेवली. टोपलीला अखेर काहीतरी धरून ठेवायचं काम मिळालं.

परत आल्यावर

शालीची चौथी बाजू पूर्ण व्हायला तीन संध्याकाळी लागल्या. आईला मी ती दाखवली नाही. ती सकाळी गॅलरीत चहा पीत होती, मागून जाऊन तिच्या खांद्यांवर टाकली आणि आत निघून आले. तिनं छान म्हटलं की नाही, मला माहीत नाही. दुपारी बघितलं तर ती शाल पांघरूनच झोपली होती.

काल देवकाबाईंचा फोन आला. मागाचा आवाज नव्हता, म्हणून मी घाबरले.

"पंचा होत आला," त्या म्हणाल्या. "दोन-तीन वीत राहिला. उतरवला की नवा ताणा जोडा लागते. एकटीनं होते, पण दोघी असलं त बोलता येते. येतं काय?"

"हाव," मी म्हटलं. तिकीट नंतर काढलं.

"आन् थे कात्री?"

"घरी ठेवते."

"घरी काहून? घेऊन ये. पंचा कोण कापन मंग? तुहाच हाय थो."